मऊ पाण्याची बादली

मी बादली बोलतेय, आणि तीही गळकी. माझ्या पोटात पाणी राहत नाही, तर गोष्ट कुठून राहणार? माझ्या बुडाला सात भोकं आहेत आणि आठवं पडता पडता राहिलं. या भोकांमुळे एक विहीर वेळेवर बंद झाली, असं आमच्या गल्लीतले लोक सांगायचे. मी एवढा मोठेपणा घेणार नाही. मला नुसती भोकं पडली, बाकीचं सगळं माझ्या बाईने केलं.

माझा जन्म तांबड्या दगडातून झाला. डोंगर फोडून तो दगड कारखान्यात आणायचे, दळायचे आणि कढत कॉस्टिक सोड्यात शिजवायचे. दगडातला माझ्या कामाचा भाग सोड्यात उतरायचा आणि त्यातून पुढे पांढरी, पिठीसाखरेसारखी पूड व्हायची. ती पूड विजेच्या भट्टीत वितळली की तिचं अ‍ॅल्युमिनियम होतं. ते पत्र्यात लाटलं, वळवलं, काठ दुमडला, कडी बसवली आणि मी झाले.

पण दगडातलं उरलेलं कुठे जातं, हे बादली विकत घेताना कुणी विचारत नाही. त्याचा लाल चिखल होतो. पुडीपेक्षा चिखलच जास्त निघतो. त्यात सोडा मुरलेला असतो, आणि दगडात मुळातच कणाकणाने दडलेलं आर्सेनिक, व्हॅनेडियम, क्रोमियम असलं काय काय त्यात गोळा होतं. म्हणजे तो चिखल माझा सख्खा भाऊ. एकाच दगडाच्या पोटचे आम्ही. मला घरात घेतलं, मोरीत मानाची जागा दिली, आणि त्याला वसाहतीच्या मागे भला मोठा बांध घालून कोंडून ठेवलं. घराण्यात लेकीचे लाड आणि मुलाला बाहेरची वाट, असं क्वचितच होतं. आमच्यात झालं.

कारखान्याला दहा वर्षं झाली तेव्हा वसाहतीतल्या प्रत्येक घराला एकेक बादली भेट मिळाली. आमच्या गल्लीत अकरा घरं, म्हणून अकरा बादल्या, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा. अदलाबदल व्हायला नको म्हणून माझ्या बाईने माझ्या कडीला हिरवी चिकटपट्टी गुंडाळली. तेव्हा तिचं लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते.

तिचा नवरा चिखलाच्या बांधावर कामाला होता. रोज सकाळी हातात काठी आणि बगलेत एक जाड वही घेऊन तो पूर्ण बांध पायी फिरायचा. म्हणून सगळे त्याला बांधकाका म्हणायचे. ओघाने माझी बाई तेविसाव्या वर्षीच बांधकाकू झाली. सुरुवातीला ती फणकारायची, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पुढे पुढे ती स्वतःच दाराबाहेरून हाक मारताना ‘मी बांधकाकू’ असं सांगायला लागली.

तिची एक सवय होती. मला भरण्याआधी ती माझ्या बुडावर टिचकी मारायची. मी टण्णकन वाजायचे. ती मान डोलवायची आणि मगच नळाखाली ठेवायची. असं का करते, असं बांधकाकाने एकदा विचारलं. ती म्हणाली की झोपलेल्या माणसाला उठवल्याशिवाय कामाला लावू नये. मला ते फार आवडलं. बादलीला कोण एवढं विचारतं?

बांधकाकाच्या वहीत छापील रकाने होते. चिखल किती चढला, पंप चालू आहे का, बांधाला भेग आहे का, पाझर आहे का. शेवटच्या दोन रकान्यांत तो रोज ‘नाही’ लिहायचा. त्याचं अक्षर सुरेख होतं आणि त्या ‘नाही’चा त्याला अभिमान होता. आपण जागे आहोत म्हणून गल्ली सुखाने झोपते, असं तो म्हणायचा.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. बांधाच्या पायथ्यापासून चाळीसेक पावलांवर, पायवाटेच्या पलीकडे एक सपाट खडक होता. त्या खडकाखालून एक दिवस पाणी वाहायला लागलं. बारीक धार, नितळ, किंचित पिवळसर झाक असलेली. बांधकाकाचे हात पंपाच्या ग्रीसने माखले होते. त्याने ते त्या पाण्यात धुतले तर ग्रीस साबणाशिवाय निघून गेलं. तो घरी आला तो एखादं गुपित हाती लागल्यासारखा. बायकोला म्हणाला, उद्या धुणं घेऊन माझ्याबरोबर चल, तुला गंमत दाखवतो.

तिने पहिल्यांदा त्या पाण्यात हात घातला तेव्हा मी शेजारीच होते. पाणी बोटांवरून सुळकन सरकत होतं. ती हसली आणि म्हणाली, किती मऊ पाणी आहे. तेच नाव पडलं. लग्नानंतर नवऱ्याने आपणहून दिलेली ही पहिली वस्तू, असं ती पुढे कित्येकदा सांगायची. वीतभर रुंदीची ती धार तिला दागिन्याहून प्रिय होती.

आठवड्याभरात अख्खी गल्ली तिथे. कारखान्यात काम करणाऱ्यांचे कपडे म्हणजे तेल, काजळी आणि लाल धूळ. घरी घासून घासून मनगटं दुखायची. मऊ पाण्यात बुडवले की डाग आपसूक सुटायचे. अकरा बायका, अकरा बादल्या, सकाळी पोरंबाळं आणि नवरे मार्गी लागले की खडकावर हजर.

काय सांगू त्या सकाळी! वेल्डरची बायको होती, तिला सगळे भोंगा म्हणायचे, कारण ती बोलायला लागली की कारखान्याची शिफ्ट सुटल्याचा भास व्हायचा. ती नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करायची आणि सगळ्यांचे पिळे हातातून सुटायचे. चादर पिळायला दोघी लागतात. एकीने एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, आणि उलट्या दिशांना पीळ द्यायचा. त्या पिळण्यात किती भांडणं मिटली आणि किती लग्नं जुळली, त्याला गणती नाही. बाई पोटुशी असताना तिच्या वाट्याचे पिळे भोंग्यानेच घातले. आम्ही बादल्या काठावर ओळीने बसायचो, अंगावर ऊन घ्यायचो आणि ऐकायचो. मला आयुष्यात पुन्हा तसं सुख मिळालं नाही.

खोटं कशाला बोलू, मलाही ते पाणी आवडायचं. पोटात घेतलं की आतून बारीक बारीक बुडबुडे उठायचे आणि गुदगुल्या व्हायच्या. मला वाटायचं हे पाणीही हसतंय. ते मला खात होतं, हे मला कुठे ठाऊक? ज्या सोड्याने मला दगडातून सोडवलं, तोच मला पुन्हा विरघळवायला बसला होता.

वर्षभरात माझी चमक गेली. आतून मी काळपट पडले. बाईने राखेने घासलं, चिंधीने पुसलं, उन्हात पालथं घातलं. कळकट बादली म्हणजे घरच्या बाईचा आळस, हे आमच्या गल्लीतलं अलिखित शास्त्र. म्हणून तिने मला मोरीच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. नंतर कळलं की अकराही घरांत हेच चाललं होतं. प्रत्येकीला वाटायचं, आपलीच बादली काळी. झऱ्यावर येताना सगळ्या जणी बादलीत आधी कपडे कोंबायच्या, आतलं कुणाला दिसू नये म्हणून.

हातांचंही तसंच. बोटांची सालं निघायची, नखांभोवती चिरा पडायच्या. कामाचे हात असेच असतात, असं म्हणून तेल चोळायचं. बाईला मुलगी झाली. तिचे लंगोट मऊ पाण्याइतके स्वच्छ दुसरं काय धुणार? पोरीच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले. कुणी म्हणालं दात येतायत, कुणी म्हणालं उष्णता. झऱ्याच्या कडेचं गवत पिवळं होऊन मेलं आणि दगडांवर पांढरी खपली धरली. तीही रोज सगळ्यांनी पाहिली, आणि तिच्यावर कपडे वाळत घातले.

माझ्या आवाजात फरक पडलाय, हे मात्र बाईच्या लगेच लक्षात आलं. एक दिवस तिने टिचकी मारली तर मी टण्ण वाजलेच नाही. नुसतं टप झालं. तिने पुन्हा मारली. पुन्हा तेच. तिने मला तसंच भरलं आणि ती कामाला लागली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती लंगोट धुवायला मला भरून घरी नेत होती. दारात पोचून मागे वळून बघते तर पायवाटेवर ओल्या थेंबांची रांग, झऱ्यापासून थेट उंबऱ्यापर्यंत. तिने मला रिकामं करून सूर्याकडे धरलं आणि आत तोंड घालून पाहिलं. बुडातून उजेडाचे सात ठिपके दिसत होते.

तिला पहिला संशय अदलाबदलीचा आला. हिरवी पट्टी कुणीतरी मुद्दाम बदलली असणार. ती तरातरा भोंग्याच्या घरी गेली आणि दारातूनच म्हणाली की तुझी गळकी माझ्या गळ्यात मारलीस. भोंगा तिच्याकडे बघत राहिली. एरवी एका शब्दाला दहा शब्द फेकणारी ती बाई काही न बोलता आत गेली आणि पलंगाखालून आपली बादली ओढून घेऊन आली. तिला पाच भोकं होती. दोघी तिथेच पायरीवर बसल्या. मग भोंगाच हळू आवाजात म्हणाली, “मला वाटलं, माझ्याच हाताला वाईट गुण आहे.”

बाई उठली आणि घराघरात गेली. कुणी आधी नाही म्हणालं, कुणी ओशाळलं, पण मोरीतून, माळ्यावरून, दारामागून एकेक करत अकराही बादल्या बाहेर आल्या. काहींना भोकं पडली होती, बाकीच्यांना पडायची बाकी होती.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत एक तरुण बाई होती. बाटल्या घेऊन हिंडायची म्हणून तिला बाटलीवाली म्हणायचे. माझी बाई तिच्याकडे झऱ्याचं पाणी घेऊन गेली आणि तिच्या समोर मलाही ठेवलं. बाटलीवालीने पाण्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टी गडद निळी झाली, म्हणजे पाण्यात सोडा होता. ती लगेच विचारती झाली की तुमची गल्ली पाणी कुठलं पिते. गल्ली उताराच्या विहिरीचं पाणी प्यायची. नळ होते, पण ते दिवसातून एकदा यायचे आणि पिण्याला विहिरीचं पाणी गोड लागायचं. विहीर झऱ्यापासून दोनशे पावलांवर होती.

तिने विहिरीचंही पाणी नेलं आणि आठ दिवसांनी स्वतः आमच्या घरी आली. बाईने तिला बसायला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली. “सोडा हाताला कळतो, बादलीला खातो, म्हणून दिसला तरी,” ती म्हणाली. “आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. सोड्याच्या पाण्याचा हात धरून ते बांधातून बाहेर येतं आणि जमिनीखालून विहिरीकडे सरकतं. विहिरीत ते अजून धोक्याच्या मर्यादेच्या आत आहे, काकू. पण या उन्हाळ्यात पाणी आटलं की राहणार नाही.”

मी त्या वेळी मोरीच्या दारात होते आणि मला स्वतःची लाज वाटली. मला जे खात होतं त्याचीच खूण माझ्या अंगावर उमटली होती. जे मला खात नव्हतं ते माझ्या पोटातून नुसतं जा-ये करून लंगोटांत, मोरीमागच्या पालकाच्या वाफ्यात, कुणाकुणाच्या पोटात गेलं, आणि माझ्यावर साधा ओरखडा उठला नाही. माझी साक्ष अर्धीच होती.

मग विहीर बंद का करत नाही, असं बाईने विचारलं. बाटलीवालीने सांगितलं की तिने कागद वर पाठवला होता आणि तो परत आला होता. पाझर असेल तर विहिरीचा प्रश्न, असं वर म्हणतात. आणि बांधाच्या वहीत तर दोन वर्षं रोज लिहिलेलं आहे, पाझर नाही. त्या वहीत पाझर आल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं.

बांधकाका घरी आला तेव्हा बाईने त्याच्या हातातून काठी घेतली, पाणी दिलं, आणि मग सगळं सांगितलं. तो खाली बघून ऐकत होता. तो झरा बांधापासून चाळीस पावलं लांब आहे, वहीत बांधाचं विचारलंय, असं तो म्हणाला. तो डोंगराचा झरा असेल, असंही म्हणाला. बाईने विचारलं की कारखान्यात सोडा कसा ओळखतात. त्याने हात पाठीमागे घेतले. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची, निसरडं लागलं की सोडा. पहिल्या आठवड्यात नव्या माणसाला हेच शिकवतात.

“आज लिहिलं तर विचारतील, काल का नाही लिहिलंस,” तो शेवटी म्हणाला. “नोकरी जाईल. नोकरीबरोबर हे घर.”

बाईने मला उचललं आणि त्याच्या पुढ्यात पालथं घातलं. “अहो, पत्र्याला भोकं पडली,” ती म्हणाली. “आपली पोर पत्र्याहून जाड आहे का?”

ती रागाने बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती शांतपणे बोलली. तो उठून बाहेर गेला आणि ओट्यावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली झऱ्यावर गेली नाही. अकरा बायका अकरा बादल्या घेऊन बांधावरच्या चौकीकडे निघाल्या. भोंगा सगळ्यात पुढे होती आणि विशेष म्हणजे गप्प होती. चौकीबाहेर पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं. बाईने त्यातून मला भरलं आणि पायरीवर ठेवलं. माझ्याशेजारी दुसरी, तिच्याशेजारी तिसरी. बांधाचे साहेब फेरीवर आले तेव्हा अकरा बादल्या ओळीने मांडलेल्या होत्या, त्यातल्या आठ ठिबकत होत्या आणि बायका मागे उभ्या होत्या. साहेबांनी विचारलं, हे काय. सगळ्या जणी चौकीच्या दाराकडे बघत होत्या.

बांधकाका वही घेऊन बाहेर आला. त्याने पायरीवर बसून वही मांडीवर उघडली. मी इतकी जवळ होते की माझे थेंब त्याच्या बुटावर पडत होते. त्याने सावकाश लिहिलं, नेहमीच्याच सुरेख अक्षरात, आणि मग उभा राहून मोठ्याने वाचलं. “पाझर आहे. दोन वर्षांपासून आहे. मला माहीत होतं. बायकोला मीच दाखवला.”

वाचून झाल्यावर त्याने वही साहेबांच्या हातात दिली. माझी बाई रडली. तिला त्याचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता आणि इतकं वाईटही वाटलं नव्हतं.

चार दिवसांत विहिरीवर झाकण बसलं. नळ दोन वेळा यायला लागले. पाझराखाली चर खणला, पाणी एका टाकीत गोळा करून पंपाने परत बांधात टाकायला लागले. बायकांनी वाफ्यांतला पालक उपटून टाकला. पुढे काही वर्षांनी चिखलाच्या वाळलेल्या भागावर सोड्याचा जोर मोडणारं जिप्सम आणि माती पसरून गवत लावलं. बांधकाकाची नोकरी गेली नाही, पण बांध गेला. त्याला अवजारांच्या कोठारात बसवलं. पाने आणि पकडी देता-घेता त्याची पुढची वर्षं गेली. तरी गल्लीने त्याचं नाव बदललं नाही.

पोरीचे चट्टे महिन्याभरात गेले. भोंग्याच्या बोटांच्या चिरा मात्र शेवटपर्यंत भरल्या नाहीत. त्या दोन वर्षांत कुणाच्या पोटात किती उतरलं, ते कुणी मोजलं नाही आणि आता मोजताही येणार नाही.

आणि धुणं? ते घराघरात गेलं. दारं लावून, आपापल्या मोरीत, साबण लावून. चादर एकटीने पिळायची तर गुडघ्यात धरावी लागते. भोंग्याची नक्कल ऐकायला कुणी नव्हतं. महिनोन् महिने दोघी-तिघींची दारातच गाठ पडायची, त्या थोडं बोलायच्या आणि आत जायच्या. बाई एकदा मला म्हणाली, म्हणजे स्वतःशीच म्हणाली, की पाणी वाईट होतं गं, पण सकाळ चांगली होती. तिला ते कुणाजवळ बोलता येत नव्हतं. ज्या पाण्याने लेकीला चट्टे उठवले, त्याची आठवण काढायची कशी? मला तिचं कळतं. त्याने मला सात भोकं पाडली, आणि तरी डोळे मिटले की मी त्याच खडकावर असते.

यातलं काही आता उरलं नाही. दगड संपला, कारखाना बंद झाला. घरं रिकामी झाली. गेल्या महिन्यात आमच्याही सामानाची बांधाबांध सुरू झाली. पोर दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, तिच्याकडे दोघं जाणार. भंगारवाला दारात आला तेव्हा, खरं सांगते, माझ्या मनाने उचल खाल्ली होती. आम्हाला वितळवता येतं. भट्टीत गेले की भोकं गेली, काळेपणा गेला, पुन्हा नवी कोरी. कदाचित खिडकीची चौकट झाले असते, कदाचित पुन्हा बादली. माझ्या भावाच्या नशिबात ते नाही. त्याला कुणी वितळवत नाही, कुणी भंगारातही घेत नाही. माणसं गेली तरी तो इथेच, गवताखाली, पोटात सगळं धरून.

बाईने भंगारवाल्याला पातेली दिली, पंखा दिला, मला दिलं नाही. निघण्याच्या दिवशी ती मला घेऊन बांधावर चढली. साठी उलटलेली बाई, दोनदा थांबावं लागलं. बांधकाका मागून काठी टेकत आला. चौकीवर आता एक नवा माणूस आहे. पूर्ण बांधावर तो एकटाच. त्याच्यापुढे तसलीच वही, तेच रकाने.

तिने मला वहीच्या वरच्या खिडकीतल्या खिळ्याला अडकवलं, तोंड बाहेर आणि बुडाची बाजू आत करून. नव्या माणसाने विचारलं, हे कशाला, काकू?

“शेवटच्या रकान्यात लिहायच्या आधी हिच्याकडे एकदा बघत जा,” ती म्हणाली. “आणि चाळीस पावलं पुढेही जाऊन येत जा.”

तो हसला नाही. त्याने मान हलवली. बांधकाकाने वही उघडून अक्षर कसं आहे ते पाहिलं आणि मिटून ठेवली.

म्हणून मी आता इथे आहे. खिळ्यावरून मला खिडकीतला उतार दिसतो, झाकणाची विहीर दिसते, आणि चराच्या पलीकडे तो सपाट खडकही दिसतो. ऊन चढलं की माझ्या सात भोकांतून उजेड समोरच्या भिंतीवर पडतो. नवा माणूस रोज तिकडे बघतो आणि मग लेखणी उचलतो. तुमच्या घरात माझी भावंडं असतील, डबे, पातेली, खिडक्या. त्यांना घासताना कधीतरी माझ्या भावाची चौकशी करा. तो कुठे ठेवलाय आणि त्याच्याभोवती कोण फिरतं, एवढंच विचारा.

निघताना बाई दारातून परत आली. तिने माझ्या बुडावर टिचकी मारली, जिथे पत्रा अजून शाबूत आहे तिथे. मी जीव एकवटून वाजले. आवाज टपच आला. तरी तिने मान डोलवली, नेहमीसारखी, आणि उतारावरून खाली गेली.